जुने मोबाइल मारहाणीतून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी द्यायचेत, आधी काय काय करावं लागतं?

पिंपळपान:
नमस्कार. कपाट आवरताना घरात पाच जुने मोबाइल निघाले. दोन अँड्रॉइड अगदी ठणठणीत आहेत, तिसऱ्याची काच कोपऱ्यात तडकलीय पण टच नीट चालतो, एक आयफोन आहे ज्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाहीये आणि एक साधा बटणांचा. माझी मैत्रीण घरगुती हिंसाचारातून सुटून आलेल्या बायकांच्या शेल्टरमध्ये अधूनमधून मदतीला जाते, ती सांगत होती की तिथे येणाऱ्या कित्येक जणींकडे फोनच नसतो, म्हणजे होता पण नवऱ्याने भिंतीवर आपटून फोडला नाहीतर काढून घेतला, आणि मग आईला कळवायचं म्हटलं तरी दुसऱ्या कुणाचा तरी फोन मागावा लागतो. ते ऐकल्यापासून डोक्यातून जात नाहीये, आणि माझ्या ड्रॉवरमध्ये पाच नुसते पडलेत.

तर विचारायचं असं की फोटो आणि मेसेज डिलीट केले की झालं का, का अजून काही करावं लागतं? दोनमध्ये माझं बँकेचं अ‍ॅप होतं त्यामुळे जरा धाकधूक आहे. दुसरं म्हणजे सिम नसलेला फोन देऊन उपयोग आहे का, कुठेतरी वाचलं होतं की सिम नसलं तरी इमर्जन्सी नंबर लागतो. आणि तिसरं जरा स्पष्टच विचारते, हे फोन खरंच त्या बाईच्या हातात पडतात का मधेच विकले जातात? ज्यांनी असे फोन दिलेत किंवा या कामात आहेत त्यांनी सांगा प्लीज.

स्क्रूड्रायव्हर:
मी मोबाइल रिपेअरिंग करतो आणि एका संस्थेकडे गोळा झालेले फोन सुट्टीच्या दिवशी तपासून देतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो.

नुसतं डिलीट करून भागत नाही ताई. आधी जे हवंय त्याचा बॅकअप घ्या. लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप त्या फोनवर असेल तर ते नव्या फोनवर हलवा, हे लोक हमखास विसरतात आणि मग स्वतःच्याच ईमेलमध्ये शिरता येत नाही. बँकेच्या अ‍ॅपमधून लॉगआउट करा, आणि बँकेकडे नोंदवलेल्या डिव्हाइसची यादी दिसत असेल तर तिथूनही हा फोन काढून टाका. सिम काढा, मेमरी कार्ड काढा, कारण रीसेट केलं तरी कार्डावरचे फोटो बऱ्याचदा तसेच राहतात. ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम, असेल तर रीसेट करताना तेही पुसायचं का असं विचारतो, हो म्हणा. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन गूगल अकाउंट काढा, स्क्रीन लॉक काढा, आणि त्यानंतर सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट मारा.

अकाउंट आधी का काढायचं तर अँड्रॉइड ५.१ पासून फोनमध्ये एक कुलूप आहे, अकाउंट तसंच ठेवून बाजूची बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट केला तर सुरू होताना तो जुनंच गूगल अकाउंट मागतो. चोराच्या हातात फोन कामाचा राहू नये म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण आमच्या खोक्यात असे फोन येतात हो, चकाचक, काचेवर साधा ओरखडा नाही, चालू केला की समोर तेच, आधी वापरलेल्या अकाउंटने साइन इन करा. देणारा कोण होता ते कुणाला माहीत नसतं. तो फोन शेवटी सुट्या भागांसाठी जातो. चांगल्या मनाने दिलेला फोन असा वाया गेला की फार चुटपुट लागते.

आयफोनचंही तेच, २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आला तेव्हापासून हरवलेला फोन शोधायची फाइंड माय ही सोय बंद करून अ‍ॅपल आयडीतून साइन आउट केल्याशिवाय दुसऱ्याला तो वापरता येत नाही. तुमच्या आयफोनचा नुसता स्क्रीनचा पासकोड विसरलाय का अ‍ॅपल आयडीच? आयडी आठवत असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आयक्लाउडच्या साइटवर लॉगिन करून तो फोन पुसता येतो आणि अकाउंटमधून काढताही येतो. आयडीचाही पत्ता नसेल आणि खरेदीची पावती असेल तर अ‍ॅपलच्या सपोर्टकडे लॉक काढायची विनंती करता येते. यातलं काहीच नसेल तर तो ई-कचऱ्यात द्या, खोक्यात टाकू नका.

फार जुना अँड्रॉइड असेल तर अजून एक. अँड्रॉइड १० घेऊनच बाजारात आलेल्या फोनमध्ये सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेलाच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा असतो, त्यामुळे रीसेट झाला की किल्ली गेली आणि उरलेल्या डेटाचा कुणाला उपयोग नाही. त्याआधीच्या काही फोनमध्ये तसं नसतं, तिथे सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली फोन एन्क्रिप्ट करायचा ऑप्शन शोधा, ते आधी करा आणि मग रीसेट.

बॅटरी बघा. कव्हर काढून फोन सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने फिरवा, भिंगरीसारखा फिरला किंवा काच एका बाजूने उचललेली दिसली तर बॅटरी फुगलीय. तो फोन चार्ज करू नका, कुरिअरने तर अजिबात पाठवू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे स्वतः नेऊन द्या. तडकलेल्या काचेचा चालेल, आम्ही काच बदलतो. हप्ते बाकी असलेला किंवा ऑफिसने दिलेला फोन मात्र देऊ नका, तो कंपनीला लांबूनच लॉक करता येतो, आणि तोही तिच्या हातात असताना.

सांजवात:
पिंपळपान, मी शेल्टरमध्ये काम करते त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, आणि तुम्ही स्पष्ट विचारलंत ते बरं केलंत कारण बरेच जण मनात ठेवतात आणि मग देतच नाहीत.

दोन्ही होतं. काही ठिकाणी फोन थेट बाईला मिळतो, काही ठिकाणी फोन विकून त्या पैशातून काम चालतं. अमेरिकेत व्हेरायझन कंपनीचा होपलाइन नावाचा उपक्रम २००१ पासून चालला, त्यात लोकांनी दिलेले फोन दुरुस्त करून विकले जायचे आणि तो पैसा हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना मिळायचा. ऑस्ट्रेलियात डीव्ही सेफ फोन ही संस्था लोकांचे वापरलेले फोन गोळा करते, साफ करते आणि शेल्टर, दवाखाने वगैरेंमार्फत थेट बायकांपर्यंत पोचवते. तिथेच वेसनेट म्हणून संस्था आहे, ती टेल्स्ट्रा या तिथल्या मोबाइल कंपनीच्या मदतीने प्रीपेड क्रेडिटसकट स्मार्टफोन देते, आणि तेही प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांच्या हातून, नुसता फोन हातात ठेवून जा म्हणत नाहीत. विकणं म्हणजे फसवणूक नाही, पण संस्थेने ते आधी सांगितलं पाहिजे. तेव्हा देण्याआधी फोन करून सरळ विचारा, तुम्ही हे बायकांना देता का विकता, आत्ता फोन हवेत का, कुठले चालतात. चांगली संस्था या प्रश्नावर चिडत नाही. आमच्याकडे कधी फोनची टंचाई असते तर कधी फोन पडून आणि रिचार्जला पैसे नाहीत अशी गत असते, तेव्हा एखादीच्या वर्षभराच्या रिचार्जची जबाबदारी घेतलीत तर ते फोन देण्याइतकंच मोठं आहे.

चार्जर द्या, हे मी हात जोडून सांगते. प्रत्येक जुन्या फोनची पिन वेगळी, शेल्टरमध्ये एका सॉकेटपाशी चारजणी उभ्या असतात. फोन आणि त्याचा चार्जर रबर लावून एकत्र बांधा, चिठ्ठीवर मॉडेल लिहा आणि बॅटरी किती वेळ टिकते ते खरं खरं लिहा. अर्धा दिवस टिकत असेल तर अर्धा दिवसच लिहा, कारण रात्री निघायची तयारी करणाऱ्या बाईला ते माहीत असावं लागतं.

रेंज_शोधतोय:
सिमशिवाय इमर्जन्सी कॉलचं मी सांगतो, नेटवर्कमध्ये काम करतो. हे देशादेशावर आहे, त्यामुळे कुठेतरी वाचलेलं सगळीकडे लागू धरू नका. अमेरिकेत नियम आहे की प्लॅन असो नसो, कुठल्याही मोबाइलवरून ९११ ला केलेला कॉल कंपनीने पुढे पोचवलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये सिम नसेल तर ९९९ लागत नाही. जर्मनीत २००९ पासून सिमशिवाय ११२ बंद केलं कारण खोट्या कॉलचा सुळसुळाट झाला होता.

आणि लागला तरी एक मोठी अडचण आहे, अशा फोनला स्वतःचा नंबर नसतो. कॉल मधेच तुटला, किंवा कुणी हातातून फोन हिसकावला, तर पलीकडचा ऑपरेटर परत फोन करूच शकत नाही. त्यामुळे सिम नसलेला फोन हा अगदी शेवटचा आधार समजा, तो देऊन आपण तिला फोन दिला असं समजू नका.

तुमच्या बटणांच्या फोनबद्दल, तो फक्त टूजी किंवा थ्रीजी असेल तर आधी तपासा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये उरलेलं बंद व्हायला लागलं, आणि तिथे तर फोरजी असूनही इमर्जन्सी कॉल फोरजीवरून न करू शकणारे फोन नेटवर्कने ब्लॉकच केले. म्हणजे चालू होतो, दिवा लागतो, पण ऐनवेळी कॉल जात नाही. असा फोन कुणाच्या हातात देणं धोक्याचं आहे. सिम टाकून, वायफाय बंद करून एक साधा कॉल लावून बघा, आणि आवाज दोन्हीकडे नीट येतो का तेही ऐका.

निनावी_एक:
मी सहसा इथे फक्त वाचते. पण हा प्रश्न बघून राहवलं नाही.

मला असाच एक फोन मिळाला होता. मैत्रिणीने दिला, तिच्या घरात पडलेला, घाईघाईत, बाजूला सही करायला पेन द्यावं तसा मुठीतून मुठीत. माझा फोन रोज रात्री तपासला जायचा, कॉल, मेसेज, कुठे गेले होते ते सगळं. फॅमिली प्लॅन त्याच्या नावावर त्यामुळे बिलात प्रत्येक नंबर दिसायचा. म्हणून हा दुसरा फोन. मी तो सॅनिटरी पॅडच्या पाकिटात ठेवला, पाकीट कपाटात खालच्या कप्प्यात, तिथे त्याचा हात कधीच जाणार नव्हता.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो वाजला. अलार्म. मैत्रिणीच्या आईच्या गोळीची वेळ होती ती, फोन रीसेट केलेला नव्हता, त्यामुळे जुना अलार्म तसाच राहिलेला, रिंगर बंद होता पण अलार्मचा आवाज वेगळा असतो ना. मी झोपेतून उठून कपाटापर्यंत कशी गेले मला माहीत नाही. पाकिटासकट छातीशी धरला आणि बाथरूममध्ये जाऊन पाणी सोडलं. तो कूस बदलून झोपला. त्या दिवशी तो उठला असता तर मी आज हे लिहीत असते का मला सांगता येत नाही.

त्यामुळे इथे सगळे जे रीसेट रीसेट म्हणताहेत ना, ते देणाऱ्याच्या फोटोंसाठी आहेच पण मला वाटतं त्याहून जास्त घेणारीसाठी आहे. कुणाचा तरी अलार्म, कुणाची वाढदिवसाची आठवण, कुणाचं तरी ईमेल आल्याची टिंग, यातलं काहीही त्या घरात वाजता कामा नये. फोन तिच्यापर्यंत पूर्ण मुका होऊन पोचला पाहिजे.

दुसरी चूक माझी होती. मी त्या फोनला घरचं वायफाय जोडलं, रिचार्ज वाचेल म्हणून. त्याच्या मोबाइलवर राउटरचं अ‍ॅप होतं, त्यात नवीन डिव्हाइस दिसलं. संध्याकाळी विचारलं हे कोणाचं. मी म्हटलं खालच्यांची मुलगी आली होती अभ्यासाला, तिने जोडलं असेल. पटलं त्याला, कसं पटलं देव जाणे. त्यानंतर कधीच जोडलं नाही. ज्या कुणी हे फोन वाटत असतील त्यांनी ही एक गोष्ट तोंडाने सांगा, कागदावर लिहून देऊ नका, कागद सापडतो.

सांजवात:
निनावी_एक, तुम्ही इथे लिहिलंत त्यासाठी तुमचे आभार कसे मानू. हात थरथरले वाचताना.

तुम्ही सांगितलंत त्यालाच जोडून, आम्ही फोन देताना काय सांगतो ते लिहिते कारण इथे वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतःच्या बहिणीला, शेजारणीला फोन देत असेल. नव्या फोनवर जुनं गूगल अकाउंट किंवा जुना अ‍ॅपल आयडी टाकायचा नाही, नवीन बनवायचं, कारण जुन्याचा पासवर्ड त्याला माहीत असेल तर नवा फोनही पहिल्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांखाली. जुन्या फोनचा बॅकअप नव्यात ओतायचा नाही. लागणारे नंबर हाताने टाकायचे, पाच-सहाच असतात खरं तर, आणि त्यातले दोन पाठ करायचे. ब्लूटूथ बंद ठेवायचं. फोनचं नाव बदलायचं, नाहीतर अमक्याचा फोन म्हणून शेजारच्या स्क्रीनवर झळकतो.

आणि जुना फोन फेकायचा नाही, एकदम बंदही करायचा नाही. त्यावर पाळत ठेवणारं अ‍ॅप आहे असा संशय असला तरी घाईने काढून टाकू नका, काढलं की त्याला कळतं आणि त्या क्षणाला धोका वाढतो. शिवाय तेच अ‍ॅप, तेच धमकीचे मेसेज उद्या पुरावा असतात. जुना फोन नेहमीसारखा घरात, नेहमीसारखे कॉल त्यावरून, आणि वकील, शेल्टर, पोलीस यांच्याशी बोलणं फक्त नव्यावरून. आधी कार्यकर्तीशी बसून ठरवायचं आणि मगच हलायचं, कारण घर सोडायची वेळ हीच सगळ्यात धोक्याची असते हे आम्ही पुन्हा पुन्हा बघितलंय.

फॅमिली प्लॅनबद्दल, अमेरिकेत २०२२ मध्ये सेफ कनेक्शन्स अ‍ॅक्ट आला, त्यामुळे अशा बाईला आपला नंबर त्याच्या प्लॅनमधून वेगळा करून मागता येतो. हे सगळीकडे व्हायला हवं, कारण नंबर त्याच्या नावावर म्हणजे तिची शाळा, बँक, नोकरी सगळ्याची दोरी त्याच्या हातात.

हळवा_कोपरा:
मधेच विचारतो, दोन फोन मला पण द्यायचेत. पुरुषांना पण असा त्रास होतो, वयस्कर आईवडिलांना मुलं मारतात, त्यांना मिळतात का असे फोन?

सांजवात:
हळवा_कोपरा, आमच्याकडे बायकाच येतात पण फोन देताना आम्ही कुणाला नाही म्हटलेलं नाही. मागे एक आजी आल्या होत्या, मुलाने फोन काढून घेतलेला. त्यांना टचचा फोन जमेना, तेव्हा बटणांचाच दिला आणि एक नंबर दाबून धरला की मुलीला लागेल असा लावून दिला. फोरजीचा बटणांचा फोन असेल तर तो म्हातारी माणसं आनंदाने घेतात, जरूर द्या.

पिंपळपान:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. निनावी_एक, तुमचं वाचून मी काल रात्री पाचही फोन परत समोर घेऊन बसले. मी तर नुसते फोटो उडवून देणार होते. एकात माझे तीन अलार्म होते, सकाळी साडेपाच, पावणेसहा आणि सहा. अंगावर काटा आला.

तर आत्ताची परिस्थिती अशी, दोन अँड्रॉइडमधून गूगल अकाउंट काढून रीसेट केले, आता सुरू केले की भाषा निवडा असं येतंय, म्हणजे बरोबर ना? तडकलेला पण तसाच केला, तो मात्र टेबलावर भिंगरीसारखा फिरला, त्यामुळे तो वेगळा काढलाय. आयफोनचा अ‍ॅपल आयडी नवऱ्याच्या जुन्या ईमेलमध्ये सापडला, पुसून अकाउंटमधून काढला. बटणांचा टूजीवाला निघाला, तो ई-कचऱ्यात. म्हणजे तीन जातील. मैत्रिणीच्या शेल्टरला फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या आम्ही थेट बायकांनाच देतो आणि आत्ता दोघी थांबल्यात. चार्जर शोधून रबर लावलेत. एका फोनचं वर्षाचं रिचार्ज आम्ही दोघं भरणार आहोत.

स्क्रूड्रायव्हर:
भाषा निवडा आलं म्हणजे एकदम बरोबर, पण तिथेच थांबू नका. पुढे पुढे जाऊन बघा कुठे जुनं अकाउंट मागतोय का, नाही मागितलं तर परत एकदा रीसेट मारा म्हणजे घेणारीला कोरा मिळेल. आणि लगेच देणार नसाल तर अर्ध्याच्या आसपास चार्ज करून बंद करून ठेवा, पूर्ण रिकामा ठेवला तर बॅटरी मरते.

पिंपळपान:
हो करते. स्क्रीन गार्ड नवीन लावून देऊ का? आणि निनावी_एक, तुम्हाला चालणार असेल तर विचारते, अजून काही आहे का जे आम्हाला सुचणार नाही?

निनावी_एक:
लावा, छान वाटतं नवीन काच असली की, आपल्यासाठी कुणीतरी केलंय असं वाटतं.

आणि एक आहे. काही फोन चालू करताना धून वाजवतात, बंद करताना पण. रीसेट केल्यावर तुमच्या फोनला तसं होतं का बघा आणि होत असेल तर चिठ्ठीवर लिहा, म्हणजे ती उशीखाली धरून चालू करेल. शेल्टरमधल्या ताईंना सांगा देताना व्हायब्रेशन पण बंद करून द्या. लाकडी कपाटात ते रिंगपेक्षा मोठं वाजतं.

सांजवात:
व्हायब्रेशनचं आमच्या यादीत नव्हतं. आत्ता लिहिलं.